चारशे बाराची डगमग

डॉक्टर सुनीती म्हणाल्या, "हे आजचं नाही काका, जन्मापासूनचं आहे," आणि उत्तरेश्वरनं मान हलवली. पुन्हा. डॉक्टर सुनीती म्हणाल्या, "मोतीबिंदू काढू, तो काही प्रश्न नाही, पण उजव्या डोळ्याचा कॉर्निया एका बाजूला उतरता आहे, इतकी वर्षं कुणी पाहिलाच नाही का?" आणि उत्तरेश्वरनं मान हलवली नाही, कारण त्याची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकलेली होती. पुन्हा. सकाळचे अकरा वाजले होते, नारायण पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्याखाली कुणीतरी कुणाला तरी स्कूटर काढायला सांगत होतं, आणि डॉक्टर सुनीती पडद्यावरच्या रंगीत नकाशाकडे बघत, भाजी निवडता निवडता बोलावं तशा, म्हणाल्या, "मोठा ठळक ठिपका तुम्हाला किंचित डावीकडे ओढलेला दिसत असणार. बारीक ठिपका मात्र जागच्या जागी. कधी जाणवलं नाही?" ही सकाळ त्यानं नंतर तीन वेळा आठवून मोजली, तिन्ही वेळा वेगळी आली. एकोणऐंशी वर्षांच्या माणसानं स्वतःच्याच सकाळचं मोजमाप घ्यायचं तर एवढी चूक धरून चालावं लागतं. पण बाकीचं कितीही सरकलं तरी डोळ्यातला तो उतार तिन्ही वेळा जागेवरच होता. "माझा डोळा चांगला आहे," तो म्हणाला, आणि मोतीबिंदू काढायला आलेल्या माणसानं हे बोलावं याचं त्यालाच काहीतरी वाटलं, म्हणून त्यानं पुढे जोडलं, "या डोळ्यानं मी एकतीस वर्षं तारे मोजले." "अरे वा," डॉक्टर सुनीती म्हणाल्या, "किती भरले?" हा विनोद त्याला आयुष्यभर ऐकावा लागला होता, लग्नात सासऱ्यांनी केला होता, संस्थेत वीज दुरुस्त करायला येणाऱ्यानं केला होता. तो नेहमी हसायचा. आज हसायचं राहून गेलं. "चष्मा नव्हता?" "नव्हता." "मग मेंदूनं सांभाळून घेतलं असणार. दोन्ही डोळे उघडे असले की कळत नाही. एकाच डोळ्यानं बघायची वेळ थोडीच येते आपल्यावर?"

त्याच्यावर आली होती. रोज, सकाळी साडेदहा ते साडेपाच, मध्ये अर्धा तास डबा. पडदे ओढलेल्या खोलीत, डावा डोळा मिटून, उजवा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावून. दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीतून काचेच्या प्लेटा लाकडी खोक्यांत भरून पुण्याला, त्याच्या संशोधन संस्थेत यायच्या. काचेवर आकाश उलटं उमटलेलं असायचं, पांढुरक्यावर काळे ठिपके, दूध नासल्यासारखं, आणि त्या ठिपक्यांवर कोळिष्टकासारखी बारीक तार नेऊन बसवायची, स्क्रू फिरवायचा, तबकडीवरचा आकडा वाचायचा. एका मिलिमीटरचा हजारावा भाग. संस्थेच्या यादीतला चारशे बारावा तारा, ज्याला नाव नव्हतं आणि जो नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता, शेजारच्या पाच बारीक ताऱ्यांच्या मानानं वर्षागणिक थोडा इकडे, थोडा तिकडे जायचा. चोवीस वर्षांत एक हेलकावा. सरळ चालणारा माणूस हातातलं ओझं लपवत असेल तर जसा डगमगतो, तसा. म्हणजे त्याच्याजवळ काहीतरी होतं, न दिसणारं, त्याला ओढणारं. उत्तरेश्वर मोराळे, मुक्काम माजलगाव, आता कर्वेनगर, यानं ते दाखवून दिलं होतं. नोबेल वगैरे काही नव्हतं, एका परदेशी पाठ्यपुस्तकात तळटीप होती, दोन ओळींची. पण त्या दोन ओळींसाठी एक माणूस जगला असं म्हणायला हरकत नव्हती. परवापरवापर्यंत त्याची स्वतःचीही नव्हती.

आणि मग आठ दिवसांपूर्वी प्रियदर्शनीची ईमेल. ही संस्थेतली पीएचडी करणारी मुलगी, कधी भेटलेली नाही, पण जुनी रजिस्टरं स्कॅन करणारी तीच. तिनं लिहिलं होतं की आता आकाशात जो उपग्रह हेच काम करतो, त्याच्या आकड्यांत चारशे बारा अजिबात हलत नाही. मात्र उपग्रहाला जेमतेम दहा वर्षं झालीत आणि हेलकावा चोवीस वर्षांचा, तेव्हा एवढ्यावर निकाल देता येत नाही. एका माणसाच्या मापावर तिनं विश्वास ठेवला नसता, सर रागावू नका. पण रजिस्टरात दोन रकाने आहेत, ऑब्झर्व्हर ए आणि ऑब्झर्व्हर बी, आणि दोघांनाही तीच डगमग दिसली आहे. दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या डोळ्यांना एकच चूक होणं कठीण. तर बीचं मोजमाप खरोखर स्वतंत्र होतं का, एवढंच सांगा, मग आम्ही चारशे बाराला यादीत ठेवतो. नाहीतर काढतो. ए म्हणजे तो. बी म्हणजे नसीमबानू तांबोळी. त्यानं उत्तर लिहायला घेतलं होतं, होय, पूर्णपणे स्वतंत्र, आणि ते तसंच ड्राफ्टमध्ये ठेवून दिलं होतं, आधी मोतीबिंदू दाखवून येऊ, मग नीट दिसताना वाचून पाठवू, म्हणून.

घरी द्वारका जेवायची थांबली होती. "तारीख घेतली का ऑपरेशनची?" "डोळा वाकडा आहे म्हणाल्या. जन्मापासून." द्वारकानं पोळीला तूप लावलं. "मग काय नवीन सांगितलं?" तो बघत राहिला. "अहो, बघता काय? ही समोरची फ्रेम, कपाटाचं दार, कॅलेंडर, तुम्ही येता-जाता एक डोळा मिटून नीट करता आणि तुम्ही बाहेर पडलात की मी परत सरळ करते. चाळीस वर्षं झाली." "मला कधी बोलली नाहीस." "बोलून काय, तुम्ही पट्टी आणली असती." तो जेवला. म्हणजे तोंड हललं असावं. आपण सरळ केलेल्या घरात आपण कधी राहिलोच नाही, हे त्याला आमटीच्या चवीसारखं जिभेवर जाणवलं आणि मग जाईना. हॉस्टेलवर मुलं हसायची, मोराळ्या आला, भिंती सरळ करायला आला. त्याला वाटायचं कौतुकानं. आई कौतुकानं म्हणायची, याला बारीक दिसतं. मुलाखतीत प्रोफेसरांनी दूरची पाटी वाचायला सांगितली होती, दोन्ही डोळ्यांनी, आणि तो धडाधडा वाचत गेला होता, शेवटची ओळसुद्धा. ठळक ठिपका डावीकडे, बारीक ठिपका जागेवर. चारशे बारा ठळक होता, शेजारचे पाच बारीक. आणि ठिपका कधी मोठा, कधी लहान. डोंगरावरच्या लोकांनी दोनदा प्लेटांवरचा रसायनाचा मसाला बदलला होता, एकदा जर्मन, मग दुसरा कुठला, मग परत जर्मन मिळाला होता. मोठा ठिपका, तार डावीकडे. लहान ठिपका, तार परत. चोवीस वर्षांत एक. हे गणित करायला कागद लागत नव्हता. "भात?" द्वारका म्हणाली. "वाघोलीला जाऊन येतो," तो म्हणाला.

कारण नसीमबानू होती. तिचा डोळा होता. बसमध्ये खिडकीशी बसून तो तेवढंच धरून होता, पुढच्या सीटच्या दांड्यासारखं. नगर रोडवर गाड्या हलत नव्हत्या, शेजारचा तरुण कानात वायर घालून कुणाला तरी सांगत होता, "ब्रो, आय ॲम स्टक, लिटरली स्टक," आणि उत्तरेश्वरला वाटलं की हाही मोजतोय, आपण जागचे हललोय की नाही ते. नियम असा की प्रत्येक प्लेट दोनदा मोजायची. एकदा सुलटी, मग यंत्रावर पूर्ण फिरवून उलटी. डोळ्याची एका बाजूला ओढ असली तर ती एकदा डावीकडे चुकते, एकदा उजवीकडे, आणि बेरजेत मरते. हा नियम त्यानं पहिली काही वर्षं पाळला. मग एका मे महिन्यात फिरवताना एक प्लेट हातून सुटली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. सगळ्यात जुनी प्लेट, दुसरी मिळणारी नव्हती. त्या दिवशी तो डबा न खाता बसला होता. त्यानंतर त्यानंच सुचवलं की प्लेट फिरवायची नको, माणूस बदलू. एकच प्लेट दोघांनी मोजायची, दोन वेगळे डोळे, चूक तशीही मरेल. विभागप्रमुखांनी सही केली. आणि जून महिन्यात हंगामी सहायक म्हणून नसीमबानू आली, तेवीस वर्षांची, बीएस्सी, भवानी पेठेतून सायकलवरून, आणि पहिल्याच दिवशी तिनं तार अशी बसवली की त्याचा हात लाजला. ती सहा वर्षं होती, तेवढ्यात जुन्या-नव्या सगळ्या प्लेटा दोघांनी पुन्हा मोजल्या, मग कायम झाली ती संस्थेच्या लायब्ररीत. चारशे बारावरच्या शोधनिबंधात तिचं नाव होतं. त्यानंच घातलं होतं, आग्रहानं, स्वतंत्र निरीक्षक. डोळा वाकडा तर वाकडा. तिचा तर नव्हता. तिला दिसलं म्हणजे होतं. होतं ना. बस पुढे सरकली, किंवा शेजारची मागे.

"सर? तुम्ही?" नसीमबानूनं दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांना लसणाची सालं चिकटली होती. "फोन करायचा ना, फैझल स्टॉपवर आला असता घ्यायला." "बसनं आलो." "वाघोलीला, बसनं. म्हणजे काल निघाला असाल." ती हसली, तीच, फक्त केस पांढरे. सातव्या मजल्यावरचा मुलाचा फ्लॅट, बाहेर अर्धवट बांधलेल्या इमारतींचे सांगाडे, आत भिंतीवर एक चौकट. चौकटीत त्यांच्या निबंधाचं पहिलं पान. तिच्या नावाखाली कुणीतरी सोनेरी पेनानं रेघ मारली होती. "फैझलनं लावलंय. कुणी आलं की आधी हेच दाखवतो, माझी अम्मी तारे मोजायची. कामवालीलासुद्धा दाखवलंय." डावा डोळा मिटल्यावर चौकट त्याला वाकडी दिसली. म्हणजे सरळ असणार. त्यानं तिला सगळं सांगितलं, दवाखाना, उतार, ठळक ठिपका, उपग्रह, ईमेल. ती लसूण सोलत ऐकत होती, मध्येच "अरेरे" म्हणत होती, जसं कुणाच्या गुडघ्याबद्दल म्हणावं. "म्हणून आलो," तो म्हणाला. "माझं जाऊ दे. तुमचा डोळा चांगला होता." "अजून आहे. सुईत दोरा घरात मीच ओवते." "तुम्हाला तो हलताना दिसला होता."

तिनं पुढची पाकळी सोलायला घेतली. खाली कुठेतरी काँक्रीट ढवळणारं यंत्र फिरत होतं.

"नसीमबानू."

"सर, आठवतंय ना, नळीवरचा डोळा काढायचा नाही असं होतं. मोजणाऱ्यानं आकडा बोलायचा, दुसऱ्यानं लिहायचा. तुम्ही मोजताना मी लिहायचे. मी मोजताना तुम्ही." "हो." "तर मी आकडा बोलले की मला पेनाचा आवाज यायचा. अंधारात दुसरं काही नसायचंच ऐकायला. काही आकड्यांना यायचा. काही आकड्यांना यायचा नाही." "मी कधीच काही म्हटलं नाही तुम्हाला." "नाही ना. एक शब्द नाही. तुम्ही फार चांगले होता सर, बाकीचे साहेब कसे बोलायचे मला माहीत आहे. तुम्ही फक्त थांबायचात. मला वाटायचं माझं चुकलंय, सर बोलत नाहीत, सुधारायला वेळ देतायत. मग मी तार परत लावायचे. दुसरा आकडा. पेन चाललं की पुढची प्लेट. दोन-तीन महिन्यांत मला कळायला लागलं पेन कुठे चालतं. नंतर थांबावंच लागलं नाही तुम्हाला." तो म्हणाला, "खोटे आकडे दिलेत?" तिनं सुरी खाली ठेवली. "खोटे कशाला? तार ठिपक्यावरच असायची. तो ठिपका जवळून केवढा असतो, तुम्हाला सांगायला हवं का? कडाच नसते त्याला. त्यात कुठेही लावली तरी ती ठिपक्यावरच." "बोलायचं होतं." "कुणाला? तुम्हाला? हंगामी होते मी. दर सहा महिन्यांनी तुमची सही लागायची." हे तिनं कडवटपणानं म्हटलं असतं तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिनं ते दुधाची वेळ सांगावी तसं सांगितलं.

थांबायचो का मी? तो आठवू लागला. अंधारी खोली, हिरव्या काचेचा टेबललँप, रजिस्टर, तिचा आवाज. सतरा पूर्णांक चारशे एकतीस. आणि मग. पुन्हा. सतरा पूर्णांक चारशे एकतीस, आणि उजव्या हातातलं पेन कागदाच्या वर, केसभर वर. ते थांबणं त्याच्या आठवणीत नव्हतं. थांबणं लिहून ठेवत नाहीत. रजिस्टरात फक्त चाललेलं पेन असतं, ओळीखाली ओळ, स्वच्छ, एक खाडाखोड नाही. खाडाखोड नाही म्हणून तर त्याचं नाव होतं. तो एकटाच होता तर त्या खोलीत, सहा वर्षं, दोन आवाजांत बोलत. त्यानं एका माणसाला शेजारी बसवून, न रागावता, न बोलता, त्याचा डोळा काढून आपला बसवला होता. "आणि सुरुवातीला?" त्यानं विचारलं. "पहिल्या-पहिल्यांदा, तुमचं तुम्ही बघत होता तेव्हा, कुठे होता तो?" "एका जागी," नसीमबानू म्हणाली. "हलत नव्हता सर. मला आवडायचा तो. शेजारचे पाच त्याच्याभोवती कसे बसलेत ते बघत राहावंसं वाटायचं."

त्यानं फोन काढला. आत्ता नाही केला तर खाली जाईपर्यंत आपण ती ड्राफ्टमधली ईमेल पाठवू, हे त्याला ठाऊक होतं, आणि पाठवली तर कुणालाही कळणार नाही, हेही. कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असे. ईमेलखाली दिलेला नंबर लावताच प्रियदर्शनीनं उचलला. त्यानं सांगितलं. डोळ्याचं आधी, मग पेनाचं. नसीमबानू समोर बसून ऐकत होती आणि तिनं त्याला अडवलं नाही. चौकटीकडे मात्र तिनं एकदा पाहिलं. सांगून झाल्यावर पलीकडे कीबोर्डचा टकटकाट. "सर, हे तर भारीच आहे!" प्रियदर्शनी म्हणाली. "म्हणजे, सॉरी, पण तुमचा एरर ठिपक्याच्या साइजवर चालतो ना? मग तो सिस्टिमॅटिक आहे, ठरावीक नियमानं होणारा. डॉक्टरांकडून कॉर्नियाचा तो मॅप मिळेल का? ठिपक्यांची साइज तर प्लेटांवर आहेच. एकेका आकड्यातून आपण तुमचा डोळा वजा करू शकतो. ए अख्खं वाचतं सर. एकतीस वर्षं!" "आणि डगमग?" "ती बहुतेक जाईल. पण तारा कुठे होता ते कळेल ना. तेही कुणाकडे नाहीये." "बी?" "बी ड्रॉप करावं लागेल. त्याला मॉडेलच बसत नाही. कुणाचं पेन ऐकून कोण किती सरकलं, ते वजा कसं करणार? खाली टीप टाकू. ऑब्झर्व्हर बी, अनरिलायबल, वगळलं." "चूक त्यांची नव्हती," तो मोठ्यानं म्हणाला. "त्यांचा डोळा सरळ होता. तो मी वाकवला. टिपेत तसं लिही." "सर," ती मुलगी समजुतीनं म्हणाली, "टिपेत कारण लिहीत नाहीत."

फोन बंद झाला. वाकडा डोळा यादीत राहणार होता, सरळ करून, नावानिशी. काँक्रीटचं यंत्र थांबलं आणि दुसऱ्या बाजूला दुसरं सुरू झालं. "बी म्हणजे मी," नसीमबानू म्हणाली. "बरोबर आहे तिचं. मी असते तर मीसुद्धा टाकूनच दिलं असतं." ती उठली, पदराला हात पुसत चौकटीपाशी गेली, उतरवायला गेली असावी, पण मग तशीच परत आली. "फैझलला मी सांगेन. आज नको. आज त्याची नाइट शिफ्ट आहे." तो तरी काय करणार होता? त्यानं खिशातून पेन काढलं, प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून गुडघ्यावर ठेवला, आणि लहान मुलासारखं म्हणाला, "पहिल्या महिन्यातले. तुमचे तुमचे. एखादा तरी आकडा आठवतो का? एकच."

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, राग नाही, दया नाही, नळीला डोळा लावून बघावं तशी.

"नाही सर," ती म्हणाली. "बोलून टाकला की माझ्याकडून तो गेलेला असायचा. ठेवायला तुम्ही होतात ना."